सगळ्यांची गेली की आपलीच?

वस्तीत लाईट गेली की घराबाहेर आलेला माणूस आधी कंपनीला फोन करीत नाही. तो शेजारच्या आळीकडे बघतो, मग गावठाणाकडे, मग हमरस्त्यावरच्या दुकानांकडे बघतो आणि विचारतो, "सगळ्यांची गेली की आपलीच?" प्रश्न साधा आहे. पण वीज कंपन्या, नियामक आयोग आणि ऊर्जा खाते यांच्या कारभाराची खरी कसोटी याच प्रश्नात आहे. सगळ्यांची गेली असेल तर तो अपघात समजावा. आपलीच गेली असेल, आणि रोज ठरल्या वेळी जात असेल, तर तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. निर्णय असेल तर तो कोणत्या निकषावर घेतला, हे विचारण्याचा हक्क वस्तीला आहे. हा हक्क आम्ही फारसा बजावलेला नाही. विजेचा विषय आला की हे इंजिनिअर लोकांचे काम, आपल्याला काय कळते, असे म्हणून आम्ही मागे सरतो. म्हणून आधी या यंत्रणेचे काम कसे चालते ते पाहू.

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. बॅटऱ्या आल्या आहेत, पण एकूण गरजेच्या मानाने त्या अजून थोड्या. ज्या क्षणी वापरायची त्याच क्षणी ती तयार करावी लागते. घरात कोणी पंखा लावला की कुठल्या तरी जनित्रावर तेवढा भार त्याच क्षणी पडतो. निर्मिती आणि वापर यांचा मेळ बरोबर बसला आहे की नाही हे एका आकड्यावरून कळते. त्याला वारंवारिता म्हणतात. आपल्या देशात ती ५० हर्ट्झ असावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती कमी पडली की हा आकडा खाली सरकतो, उलट झाले की वर चढतो. ४९.९० ते ५०.०५ एवढ्या अरुंद पट्ट्यात तो ठेवायचा असा सध्याचा दंडक आहे. फार घसरला तर यंत्रे स्वतःला वाचविण्यासाठी एकामागून एक बंद पडू लागतात. एक बंद पडले की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसरे बंद पडले की तिसऱ्यावर, आणि पाहता पाहता सगळे अंधारात.

हा मेळ राखण्याचे काम भार प्रेषण केंद्रे करतात. महाराष्ट्राचे केंद्र ऐरोलीला आहे. उद्या किती वीज लागेल याचा अंदाज तेथे आदल्या दिवशीच दर पंधरा मिनिटांच्या हिशेबाने बांधला जातो. अंदाज चुकण्याची कारणे शेकडो. मराठवाड्यात अवकाळी पाऊस पडला की हजारो कृषिपंप एकदम थांबतात. चंद्रपूरचा ५०० मेगावॅटचा एखादा संच नळी फुटून बंद पडतो. कोळसा ओला येतो, ढग येऊन सौर वीज घटते, उकाडा वाढून शहरातल्या एसी एकदम सुरू होतात. म्हणून शहाणी यंत्रणा हाताशी काही वीज राखून ठेवते. कोयनेसारखे जलविद्युत केंद्र मिनिटांत वर-खाली करता येते, ते अशा वेळी उपयोगी पडते. यात अभियंत्यांना आम्ही कमी लेखत नाही. अनिश्चिततेशी रोज झुंजणारी ही माणसे आहेत.

त्यांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसले. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांनी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवायला सांगितले. दोन दिवस आधी तशी घोषणा झाली आणि वीज यंत्रणेच्या पोटात गोळा आला. सगळ्या देशाची मागणी काही मिनिटांत कोसळणार आणि पुन्हा चढणार होती. बारा ते चौदा हजार मेगावॅटची घट होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात एकतीस हजार मेगावॅटहून अधिक घट झाली. अंदाज दुपटीहून अधिक चुकला, तरी जाळे टिकले. कारण चूक होणार हे धरूनच तयारी केली होती. जलविद्युत केंद्रे आधीच सज्ज ठेवली, कोणत्या मिनिटाला कोणी किती उतरायचे हे ठरविले, वरिष्ठ अभियंते स्वतः पहाऱ्याला बसले. नऊ मिनिटांच्या त्या सोहळ्याची गरज काय होती हा वेगळा वाद आहे आणि आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. पण यातून एक गोष्ट सिद्ध झाली. अनिश्चितता हे काही आभाळातले संकट नाही. पैसा, माणसे आणि लक्ष दिले तर ती हाताळता येते. प्रश्न एवढाच, की ते लक्ष कोणासाठी दिले जाते.

लक्ष दिले नाही तर काय होते ते २०१२ मध्ये दिसले होते. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी बंद पडली आणि सगळा उत्तर भारत अंधारला. कसेबसे सावरतात तोच ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे जाळे कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती असलेला हा प्रदेश. रेल्वे जागच्या जागी थांबल्या. बंगालमध्ये कोळशाच्या खाणीत दोनशेच्या आसपास कामगार जमिनीखाली अडकले. ज्या कोळशावर देशाची वीज बनते तो खणणारेच अंधारात अडकले होते! चौकशी समितीने कारणे दिली. अनेक वाहिन्या आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर नको तितका भार होता, उत्तरेतली राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज खेचत होती आणि केंद्राकडून थांबा म्हणून सूचना येऊनही राज्यांच्या केंद्रांनी ती पुरेशी पाळली नाही. वारंवारिता घसरली की काही फीडर आपोआप तोडणारे रिले बसविलेले असतात, त्यांच्यापासूनही अपेक्षित आधार मिळाला नाही. म्हणजे संकटकाळची व्यवस्था कागदावर होती, खांबावर नव्हती. त्याच दिवशी आपले सुशीलकुमार शिंदे ऊर्जा खात्यातून गृह खात्यात गेले आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. मंत्र्याला जाब विचारलाच पाहिजे. पण हक्कापेक्षा जास्त वीज खेचणाऱ्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची त्या मानाने किती टिंगल झाली, हेही आठवून पाहावे.

मुंबईचे उदाहरण घरचे आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई अंधारली. देशाचे जाळे कोसळले तरी मुंबई वेगळी होऊन स्वतःच्या विजेवर तग धरील अशी व्यवस्था अनेक दशकांपासून आहे. बेटासारखे अलग होण्याची ही योजना त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. लोकल थांबल्या, कोरोनाच्या रुग्णांची इस्पितळे जनरेटरवर गेली. काही तासांत बहुतेक पुरवठा परत आला. त्यानंतर काय काय झाले पाहा. चौकशा बसल्या, सायबर हल्ल्याचा संशय घेतला गेला, मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या रखडलेल्या वाहिन्यांना वेग आला, खारघर-विक्रोळी वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. एका सकाळच्या अंधाराने राज्यकारभार हलला. हलायलाच हवा होता. मुंबईतही आपली माणसे राहतात, चाळीत आणि झोपडपट्टीत राहतात. आमचा सवाल वेगळा आहे. परभणीच्या एखाद्या वाडीवर डीपी जळून आठ दिवस झाले, पोरांच्या परीक्षा अंधारात गेल्या, नळयोजनेची मोटार बंद म्हणून बाया दोन कोस पाण्याला गेल्या, तर त्याची चौकशी कोण करते? डीपी किती तासांत बदलून द्यावी याचा नियम आहे. त्या नियमात शहराला कमी तास आणि ग्रामीण भागाला जास्त तास दिले आहेत. उशीर झाला तर ग्राहकाला भरपाईही आहे, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ मध्ये तशी तरतूद आहे. ती किती वस्त्यांना मिळाली याचा हिशेब आपल्या एकाही संघटनेने कधी मागितला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वीज कमी पडली की कोणाची तरी तोडावी लागते. सगळे जाळे कोसळण्यापेक्षा थोडी तोडलेली बरी, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण किती मेगावॅट तोडायचे हे तंत्र सांगते, कोणाचे तोडायचे हे तंत्र सांगत नाही. ते समाज ठरवितो, आणि आपल्या समाजात असे निर्णय कोणाच्या बाजूने होतात हे सांगायला नको.

२००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या झाल्या. त्याच काळात महाराष्ट्रात हजारो मेगावॅटची तूट होती. ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन चाले आणि त्या वेळी मुंबई उजळलेली असे. पुण्याने तर वेगळाच मार्ग काढला. उद्योगांनी आपली जनित्रे चालवायची, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी सोसायचा आणि त्या बदल्यात शहराला भारनियमनातून सूट. २००६ च्या सुमारास या 'पुणे मॉडेल'चे केवढे कौतुक झाले! ज्याची ऐपत आहे त्याने अंधारातून स्वतःची सुटका विकत घ्यायची. उरलेल्या तुटीचा भार मग कोणाच्या डोक्यावर राहिला, हा प्रश्न त्या कौतुकात विरून गेला.

ज्यांना सुटका विकत घेता आली नाही त्यांच्यासाठी फीडरची प्रतवारी आली. ज्या फीडरवर गळती कमी आणि बिलवसुली जास्त तो वरच्या गटात, त्याला भारनियमन कमी. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी तो खालच्या गटात, त्याला अंधार जास्त. हे गट ए पासून जी पर्यंत गेले. एवढ्यानेही समाधान झाले नाही म्हणून जी चेही जी-१, जी-२, जी-३ केले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आली तेव्हा पहिला घाव याच तळाच्या गटांवर पडला.

बाबासाहेबांच्या लिखाणाशी थोडीही ओळख असलेल्या माणसाला ही उतरंड पाहून काय आठवेल ते वेगळे सांगायला नको. फीडर म्हणजे जात नव्हे, हे आम्हालाही कळते. महावितरणच्या कार्यालयात बसून कोणी मनुस्मृती उघडून फीडरची यादी केलेली नाही. पण श्रेणीबद्ध विषमतेचे जे वैशिष्ट्य बाबासाहेबांनी उलगडून दाखविले ते येथे जसेच्या तसे दिसते. उतरंडीत प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे मिळून उभे राहत नाहीत. सी गटातला गावकरी ए गटाला जाब विचारत नाही, आपण एफ मध्ये नाही यात तो समाधानी असतो. भारनियमनाविरुद्ध २००५ ते २०१० या काळात राज्यात किती तरी मोर्चे निघाले, उपकेंद्रांची मोडतोड झाली. प्रत्येक मोर्चाची मागणी आपल्या गावापुरती, आपल्या फीडरपुरती. ही प्रतवारीच अन्यायाची आहे असे म्हणणारा आवाज क्षीण राहिला.

दुसरे साम्य याहून गंभीर आहे. फीडरवरच्या एका माणसाने आकडा टाकला तर शिक्षा सगळ्या फीडरला. दर महिन्याला रांगेत उभे राहून बिल भरणारी विधवा बाई आणि रात्री तारेवर आकडा टाकणारा गिरणीवाला एकाच गटात. तिने काय केले हे कोणी पाहत नाही, ती कोणत्या फीडरवर राहते हे पाहिले जाते. माणसाची किंमत त्याच्या कृतीवर न ठरता तो कोठे जन्मला, कोठे राहतो यावर ठरवायची, ही रीत आमच्या समाजाला नवी नाही. कोणत्याही सभ्य न्यायव्यवस्थेत एकाच्या गुन्ह्याची सजा शेजाऱ्याला देत नाहीत. वीज वितरणात मात्र ती देतात आणि तिला व्यवस्थापन म्हणतात.

यावर कंपनीच्या बाजूने उत्तर दिले जाते की, जेथे पैसे वसूल होत नाहीत तेथे वीज दिली तर तोटा होतो, तो प्रामाणिक ग्राहकांवर पडतो. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. वीजचोरीचे समर्थन आम्ही करीत नाही, वस्तीतल्या आकड्याचेही करीत नाही. उघड्या तारेला चिकटून मरणारी पोरे आमचीच असतात. पण गळती म्हणजे निव्वळ चोरी हा समज खोटा आहे. लांबलचक, जुनाट, बारीक तारांतून वीज नेली की ती वाटेतच उष्णता होऊन जाते. डीपी वर क्षमतेबाहेर भार टाकला की नुकसान वाढते. ही गळती कंपनीच्या तारांची आहे, ग्राहकाची नाही. शिवाय मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर अंदाजाने धरला जातो. तो अंदाज फुगवून खरी गळती त्याच्या आड लपविली जाते, असा आक्षेप ग्राहक संघटना वर्षानुवर्षे घेत आल्या आहेत. जो आकडाच अंदाजाचा, त्यावरून कोणाच्या घरात अंधार करायचा हे ठरवायचे काय?

आणि दलित वस्ती या जाळ्यात कोठे असते? गावाची रचनाच अशी की वस्ती गावकुसाबाहेर. पाण्याची पाईप जशी तेथे शेवटी पोचली तशी तारही बहुतेक ठिकाणी शेवटी पोचली. लाईनच्या शेपटाला व्होल्टेज सर्वात कमी. तेथे बल्ब मिणमिणतो, पंखा फिरत नाही, मोटार जळते. बिघाड झाला की दुरुस्ती पाटलाच्या गल्लीपासून सुरू होऊन वस्तीवर शेवटी येते. २०२१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना पाचशे रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत घेऊन वीजजोडणी देण्याची ही योजना. तिचे आम्ही स्वागतच केले. पण घरात मीटर बसला म्हणून तारेतून वीज येतेच असे नाही. जोडणी बाबासाहेबांच्या नावाने दिली, फीडर मात्र तळाच्याच गटातला राहिला, तर त्या नावाचा मान राहिला असे म्हणता येईल का?

बाबासाहेबांचे नाव विजेशी जोडणे हा नुसता उपचार नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. युद्धानंतरच्या वीज विकासाचा विचार करणाऱ्या समितीपुढे २५ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी केलेले भाषण सरकारने छापलेल्या समग्र वाङ्मयाच्या दहाव्या इंग्रजी खंडात आहे. वीज सरकारी असावी की खासगी, केंद्राच्या हाती असावी की प्रांतांच्या, ती स्वस्त आणि मुबलक कशी होईल, असे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. त्यापलीकडे जाऊन त्यांनी मुळाचा प्रश्न विचारला की, वीज हवी कशासाठी? उद्योग वाढावेत म्हणून. आणि उद्योग कशासाठी? तर दारिद्र्याच्या चक्रातून माणसांची सुटका व्हावी म्हणून. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये महत्त्वाचे मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी घटनेसाठीच सुचविले. आज ज्यांना वीज म्हणजे निव्वळ बाजारातला माल वाटतो त्यांनी ही पाने उघडून पाहावीत. आमच्याही कार्यकर्त्यांनी पाहावीत. जयंतीच्या भाषणात बाबासाहेब वीजमंत्री होते एवढे वाक्य येते आणि पुढे काही येत नाही.

बाबासाहेबांचा तो मुळाचा प्रश्न सोडून दिला की काय होते याचा धडा महाराष्ट्राने दाभोळमध्ये गिरवला. एन्रॉनच्या करारात जोखीम कोणाची हे स्पष्ट लिहिले होते. वीज घ्या अथवा घेऊ नका, ठरलेली रक्कम मंडळाने द्यायची. डॉलर महागला तर भुर्दंड मंडळाला, इंधन महागले तरी मंडळाला. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला. नफ्याची हमी कंपनीला आणि अनिश्चिततेचा सगळा बोजा सार्वजनिक मंडळाला, म्हणजे शेवटी बिल भरणाऱ्या जनतेला. पुढे राज्य अंधारात गेले त्याला एन्रॉन हे एकच कारण नव्हते, पण त्या काळात मंडळाचे जे कंबरडे मोडले ते लवकर सरळ झाले नाही.

जोखीम फक्त बिलातून वाटली जात नाही, ती अंगावरही पडते. शेतीला थ्री फेज वीज रात्री द्यायची ही वर्षानुवर्षांची रीत. दिवसा कारखान्यांना आणि शहरांना लागते, रात्री मागणी उतरते, मग ती शेताकडे वळवायची. भार प्रेषणाच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. पण रात्री दोन वाजता दारं धरायला कोण जातो? जमिनीचा मालक क्वचितच जातो. सालगडी जातो, आणि सालगड्याची जात काय असते हे गावाला ठाऊक असते. साप चावतो त्याला, जुन्नरकडे बिबट्या झडप घालतो त्याच्यावर, ओल्या बांधावर स्टार्टरचा शॉक बसतो त्याला. मागणीचा आलेख सपाट करण्याची ही किंमत कोणत्याही अहवालात धरलेली नाही.

तेच खांबावरच्या माणसाचे. कंपनीने आपल्या लाईनमनला 'जनमित्र' असे गोड नाव दिले आहे. पण गावोगाव प्रत्यक्ष खांबावर चढतो तो पुष्कळदा कंत्राटी पोरगा, नाही तर झिरो वायरमन. झिरो वायरमन म्हणजे ज्याचे नाव कोठल्याच हजेरीपटावर नाही असा. फ्यूज टाकायचा, डीओ बसवायचा, झाड पडलेली तार ओढायची, सगळे तोच करतो. उपकेंद्रातून परमिट घेतले की नाही, दुसऱ्या बाजूने जनरेटरची वीज उलटी येते की काय, याची खात्री करायला त्याच्याकडे ना हातमोजे ना अधिकार. तो मेला तर कंपनी म्हणते, आमचा माणूस नव्हे. आयटीआय झालेली आपली किती तरी मुले या झिरोच्या रांगेत उभी आहेत. यंत्रणेतला सर्वात मोठा धोका ज्याने झेलायचा त्याचीच नोंद सर्वात शेवटी करायची, नाही तर करायचीच नाही.

आता काळ बदलतो आहे. सौर वीज वाढली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे, ते खरेच झाले तर सालगड्याची रात्र सुटेल. हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. पण सौर विजेने अनिश्चितता नवीन जागी नेली आहे. दुपारी वीज उतू जाते, सूर्य मावळला की एकदम तुटवडा. म्हणून लोकांनी दिवसा वीज वापरावी यासाठी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर २०२५ मध्ये सवलत जाहीर झाली. कागदावर उत्तम. पण सकाळी आठला धुणीभांडी करायला, नाक्यावर, बांधकामावर गेलेली माणसे दुपारी घरी कोठे असतात? त्यांचा दिवा, पंखा, मिक्सर चालतो संध्याकाळी सातनंतर. दुपारी वॉशिंग मशीन आणि एसी चालविणारे घर सवलत खाणार आणि कष्टकऱ्याच्या घराला ती दुरून दिसणार. योजना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ग्राहक म्हणून कोणते घर असते ते यावरून कळते.

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. वारंवारिता घसरली की कोणते फीडर आपोआप तुटणार आणि भारनियमनात कोणते तुटणार, याची यादी जिल्हावार जाहीर करावी. आज ती सामान्य माणसापर्यंत पोचत नाही. ज्या फीडरवर प्राथमिक आरोग्य केंद्र, नळयोजना किंवा वसतिगृह आहे तो प्रतवारीतून वगळावा. तोडणे अटळ असेल तर ते आळीपाळीने, शहरासह सगळ्यांचे थोडे थोडे तोडावे. तारांची गळती आणि चोरीची गळती वेगळी मोजून मगच बोलावे. बिल भरणाऱ्याला शेजाऱ्याच्या चोरीसाठी अंधारात ठेवू नये, घरोघर स्मार्ट मीटर बसवायला निघालेल्या कंपनीला एवढे तंत्र अशक्य नाही. राखीव वीज ठेवायला खर्च येतो हे मान्य, तो सर्वांच्या दरात थोडा थोडा धरावा. आज तो खर्च काही लोक अंधाराच्या रूपाने भरतातच, फक्त तो बिलावर छापलेला नसतो. आणि खांबावर चढणाऱ्या प्रत्येकाचे नाव हजेरीपटावर आलेच पाहिजे.

हे सगळे मांडायची जागा रस्ता आहे तशी आणखी एक आहे. महावितरणची दरवाढीची याचिका आली की महाराष्ट्र वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी ती होते. तेथे उद्योगांचे वकील असतात, यंत्रमागधारक असतात, ग्राहक पंचायतीचे अनुभवी लोक आकडे घेऊन उभे राहतात. निळा झेंडा घेतलेला माणूस आम्ही तेथे फार क्वचित पाहिला. आपल्यात आज वीज कंपन्यांतून निवृत्त झालेले शेकडो अभियंते आहेत, मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. त्यांना फीडरचा हिशेब तोंडपाठ आहे. त्यांनी एकेका तालुक्याची यादी करावी, कोणती वस्ती कोणत्या फीडरवर, त्याचा गट कोणता, गेल्या वर्षी डीपी किती वेळा जळाली आणि किती दिवसांनी बदलली. ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. आयोगाकडे हरकत मराठीत देता येते, त्याला वकील लागत नाही.